काळी-पिवळीचे टायर आणि माझी जळजळ

आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगायची, तर चहा जरा कडकच पाहिजे. घ्या, तुम्हीही घ्या.

मी पांढरकवड्यात फोटो स्टुडिओ चालवतो. लग्न, साक्षगंध, पासपोर्ट फोटो. शाळेतला दोस्त विनोद, मूळचा फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा. हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. दोघांले एकच खूळ: कॉम्प्युटरवरचा गाड्या पळवायचा खेळ. त्यात लोकं आपापल्या गाड्या बनवून टाकतात, त्याले मॉड म्हणतात. आम्ही ठरवलं, आपण काळी-पिवळी टाकू. झरी जामणीच्या रस्त्यावर माणसं कोंबून धावते ना, ती जीप.

जीपचा नुसता सांगाडा नेटवर मिळाला. तिच्यावर रंग, गंज, चिखल चढवायचं, म्हणजे टेक्स्चरचं काम माझं. टायर रस्त्याले किती धरते, वळणावर किती घसरते, त्याचे आकडे फाइलीत भरायचे, ते विनोदचं.

आठ दिवस मी खऱ्या जीपचे फोटो काढत फिरलो. एका ड्रायव्हरनं मले आरटीओचा माणूस समजून जीप सवाऱ्यांसकट शेतात घातली. डांबराचा जवळून फोटो पाहिजे म्हणून भर दुपारी रस्त्यावर पालथा पडलो, तर दोन बायांनी भोवळ आली समजून मले सरळ केलं अन् तोंडावर पाणी मारलं. एवढे कष्ट. अन् विनोदनं काय केलं? दुकानात बसून आकडे टाकले.

मॉड नेटवर गेला, खाली नावं: टायर विनोद, रंग मी. लोकांनी लिहिलं, ‘टायर जबरदस्त.’ ‘टायर एक नंबर.’ ‘टायरवाल्याले सलाम.’ साठ-सत्तर जणांनी लिहिलं असेल. माझ्या वाट्याले एकच अभिप्राय आला: ‘रंग ठीक.’

ठीक? तुम्हीच सांगा, हा काय शब्द झाला?

मी दुकानात गेलो. विनोद ट्रकचं चाक खोलून राह्यला होता.

“वाचलं का, लोकं काय लिहून राह्यले?” मी म्हटलं.

“नाही बा. टाइम कुठं आहे?”

त्यानं वाचलंही नव्हतं. मी तर पाठ केलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं सुधारलेली फाइल माझ्याकडं दिली. “माह्या दुकानात नेट चालत नाही. तू टाकून दे.”

मी टाकली. पण टाकायच्या आधी मागच्या टायरची पकड निम्म्यावर आणली, अन् एका चाकाची हवाही काढली. म्हटलं, आता खा शिव्या. आनंदानं वाट पाहत बसलो.

पहिला अभिप्राय आला: ‘कमाल. अठरा सवाऱ्या भरलेली काळी-पिवळी अशीच डुलत जाते.’ दुसरा: ‘एक चाक बसल्यासारखं वाटते, डोळ्यात पाणी आलं, गाव आठवलं.’ नागपूरच्या एका पोरानं तर व्हिडिओच काढला, “हे टायर ज्यानं बनवले, तो कलाकार आहे.”

कलाकार मी होतो. अन् सांगू कोणाले?

विनोदनं खेळात गाडी चालवून पाहिली अन् मोबाइलवरून इमानदारीत लिहून टाकलं, ‘हे आकडे माझे नाहीत.’ झालं. लोकं म्हणाले, केवढा मोठा माणूस, जरासा गर्व नाही. मग माह्याच्यानं राहवलं नाही. मी लिहिलं, ‘ते आकडे मी टाकले.’ खाली लगेच उत्तर: ‘रंगवाले भाऊ, जळू नका.’

बायकोनंही वाचलं. “तुम्ही कायले दुसऱ्याच्या कामावर नाव लावता?” म्हणाली.

संध्याकाळी विनोदनं दुकानावर बोलावलं. स्टूल पुढं सरकवलं.

“खरं सांग, तूच केलं ना?”

“हो.”

“काहून?”

“तुही गाडी घसरावी म्हणून.”

त्यानं हातातला पाना पुसून खाली ठेवला. मले वाटलं, इतक्या वर्षांची दोस्ती गेली. तो म्हणाला, “मले तोंडावर सांगतलं असतं, तर मीच लिहिलं असतं की रंग चांगला आहे म्हणून.” त्यानं शिव्या दिल्या असत्या, तर एवढं लागलं नसतं. मग म्हणाला, “आता आपण ट्रॅक्टर टाकू. त्याचे टायर तूच कर. रंगाचं मी पाहतो.”

या वेळी मी मन लावून केलं. पंधरा दिवस आकडे जुळवले. विनोदनं दुकानासमोर उभ्या एका चिखलानं भरलेल्या ट्रॅक्टरचे मोबाइलवर चार फोटो काढले अन् सांगाड्यावर चढवले. एका दुपारचं काम.

मॉड टाकला, पण खालची नावं बदलायची राहून गेली. माहा ट्रॅक्टर चालू केला की जागच्या जागी उलटायचा. लोकांनी लिहिलं, ‘विनोदभाऊ, टायरमधे या वेळी काय झालं? पण तुमच्या दोस्ताले सांगा, रंग या वेळी पहिल्यांदाच झकास जमला.’