डॉलर मिळाले त्या दिवशी

बँकेच्या पायरीवर ग्रेसबाई दोन्ही हात उंचावून उभ्या होत्या. आफ्रिकेतल्या आमच्या गावात त्या डायलिसिसचं केंद्र चालवत. देशात डॉलर मिळेनासे झाल्यापासून परदेशी फिल्टर येईनात, निम्मी यंत्रं बंद पडलेली. मग मध्यवर्ती बँकेनं डॉलरचे लिलाव सुरू केले. आयातदारांनी आपापल्या बँकेमार्फत बोली लावायची. परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या फीसाठी आमच्यासारख्यांनीही.

"माझी बोली मंजूर झाली," त्या म्हणाल्या. "तुमची?"

"माझीही. लेकीचं पुण्यातलं शिक्षण आता सुटणार नाही."

विनिमयाचा दर मी रोज नुसता वाचत आलो होतो. त्यावर कुणाचं तरी रक्त शुद्ध होणं अवलंबून असतं, हे तेव्हा उमगलं. फिल्टर आले त्या सकाळी केंद्रातली सगळी यंत्रं एकदम घरघरू लागली आणि खुर्च्यांवरचे रुग्ण ग्रेसबाईंबरोबर गाऊ लागले.