दगड न फोडणारा हातोडा

युरोपातल्या जुन्या लढायांमधल्या हातोड्यांचा मला नाद आहे, हे आमच्या कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. भंडाऱ्यातला एक साधा कारकून, आवाज चढवून कधी न बोलणारा, आणि त्याच्या घरी मागच्या खोलीत माणसांची डोकी फोडायच्या हत्यारांची चित्रं. सांगायची लाज वाटायची.

नाद लागला जिल्हा तुटला त्या दिवसांत. गोंदिया वेगळं झालं, फायली वाटून जात होत्या, आणि रद्दीच्या ढिगात मला हत्यारांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. पोलादी चिलखतावरून तलवार घसरायला लागली तेव्हा तिकडच्या लढवय्यांनी हातोडा हाती घेतला, असं त्यात होतं. एका बाजूला लहानसं तोंड, दुसऱ्या बाजूला पक्ष्यासारखी चोच, आणि लांब दांडा. मला वाटायचं तसा तो जडही नसायचा. मग मी सायबर कॅफेतून चित्रं छापून आणली, मापं वहीत उतरवली, हातोड्याच्या दोन नकला टपालाने मागवल्या. त्या शोभेच्या निघाल्या. फिरवल्या की डोकं दांड्यावर हलायचं. खरा हातोडा हाताला कसा लागत असेल, ते मला कळायला हवं होतं.

आईचं माहेर दिघोरी. तिथे एक म्हातारे लोहार होते. गावातल्या निम्म्या विळे-कुऱ्हाडी त्यांच्याच हातच्या. गावच्या नात्याने मी त्यांचा भाचा. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणून तेच माझ्या पाया पडायचे, मी त्यांच्या मुलाच्या वयाचा असूनही. त्यांच्यापुढे मी चित्र ठेवलं.

“हे कायले पायजे, भाचे?” त्यांनी विचारलं.

“गोटे फोडाले, मामा,” मी म्हणालो. “घर बांधाचं आहे.”

खरं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याकडे कुऱ्हाडीला धार लावायला आलेली दोन माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोर मला ते जमलं नाही.

पंधरा दिवसांनी गेलो. हातोडा तयार होता, दांड्याच्या दोन्ही अंगांना चित्रातल्यासारख्या लोखंडी पट्ट्याही होत्या. मी उचलला आणि एकदा हवेत फिरवला. माझा हात आपोआप पुढे ओढत नेल्यासारखा गेला. वहीत लिहिलेलं सगळं त्या क्षणी मनगटाला कळलं. मी खूश होऊन पाहिलं, तर मामांचा चेहरा उतरलेला.

“नको नेऊ,” ते म्हणाले. “मी पाह्यलं करून. गोटा फुटत नाई. चोचीचा टवका उडाला होता, मंग पुन्हा बनवली.”

“चालते, मामा.”

“कसा चालते? माह्या घरून असा माल नाई जात.”

त्यांनी तो ठेवून घेतला. पुढच्या खेपेला दुसरा केलेला, दुप्पट जड डोक्याचा. त्यानंतर तिसरा, आखूड दांड्याचा. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, चित्रासारखाच पाहिजे. शेवटी ते वैतागले. “चित्रवाल्यानं जिंदगीत गोटा फोडला नसन,” ते म्हणाले. तेव्हाही मी हसलो फक्त. आता खरं सांगितलं तर इतक्या फेऱ्या खोट्यावर झाल्या हेही सांगावं लागणार होतं.

अखेर पहिलाच हातोडा मी मागून घेतला. देताना त्यांनी मान वर केली नाही. “माफ कर, भाचे. नाई जमलं मले.”

घरी आणून मी त्याचा तोल मोजला, चार पानं टिपणं लिहिली. माझ्याकडे तेवढी चांगली वस्तू दुसरी नव्हती.

धान कापणीला आलं तेव्हा मामेबहिणीचं लग्न ठरलं, तिच्या साक्षगंधाला दिघोरीला गेलो. कापणीच्या दिवसांत लोहाराकडे गर्दी असते. त्यांची भट्टी थंड होती. त्यांची बायको ओसरीवर तांदूळ निवडत होती.

“थे काम नाई करत आता,” ती म्हणाली. “म्हणतेत, माह्या हातचं पानी लोखंडाले बसत नाई. तुह्या हातोड्यापासून त्याइच्या मनानं घेतलं. आलेल्या मानसाले वापस धाडतेत. ऐरन जवायाले देऊन टाकली.”

मी तसाच भंडाऱ्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन पुन्हा गेलो. मामा अंगणात खाटेवर बसले होते. मी पानं उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. चिलखत, तलवार, घोडा, सगळं. त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं.

“म्हणजे मानसाले मारासाठी होता थो?”

“हो, मामा.”

“मंग हलकाच पायजे. दिवसभर हानाचं तं जड कसा चालन? अन् पट्ट्या यासाठी, का कोनी दांडा तोडू नये.” हे त्यांना क्षणात कळलं; मला ते समजायला दोन वर्षं लागली होती. “मंग बराबर होता.”

“एकदम बराबर होता.”

मी म्हणालो, “मी नवी ऐरण आणून देतो. भट्टी सुरू करा.”

“राहू दे आता. सुटलं थे सुटलं.” मग पुस्तक मिटून माझ्याकडे देत म्हणाले, “पयलेच सांगाचं होतं. बनवाचा का नाई, थे मी पाह्यलं असतं.”

तोवर मला वाटत होतं की मी त्यांना त्यांच्या कसबावर शंका घ्यायला लावली, एवढाच माझा गुन्हा. जन्मभर शेतीची अवजारं घडवलेल्या हाताकडून मी त्याला न विचारता माणूस मारायचं हत्यार करून घेतलं होतं, हे मला त्यांनी सांगेपर्यंत सुचलंही नव्हतं.

भट्टी पुन्हा पेटली नाही. मी दिघोरीला गेलो की त्यांच्या अंगणात बसतो. ते धानाच्या बांधीत पाणी किती आहे ते सांगतात, आईची तब्येत विचारतात, चहा सांगतात. मी चहा पितो.