टेरीचा पायगुण

या, जरा जवळ सरका. आणि आधी मला हे सांगा, बॉयलर पेटला नाही की त्याला चापट मारायची सवय तुम्हाला कोणी लावली? तो काय जुना ट्रान्झिस्टर आहे? कितीदा सांगितलं, हात लावू नका, आधी फोन करा. पण ऐकेल तो मराठी माणूस कसला!

नॉटिंगहॅमच्या अमोलनेही तेच केलं होतं. त्याच्या बायकोचा, नीलिमाचा, फोन आला तेव्हा मागून धप्प धप्प असा आवाज येत होता.

"काकू, बॉयलर पुन्हा बंद पडलाय. कालच तुमचा माणूस दुरुस्त करून गेला ना?"

"आधी नवऱ्याला म्हणावं, मारणं थांबव."

मी तेव्हा लेस्टरला एका लेटिंग एजन्सीत मेंटेनन्स डेस्कवर होते. म्हणजे आम्ही भाड्याने दिलेल्या घरांत काही बिघडलं की फोन मी घ्यायची. शिक्षण विचाराल तर मराठी घेऊन बी. ए. बॉयलर मी फोनवरच शिकले, लोकांच्या शिव्या खात खात. ऑफिसात माझी मंदाची मँडी झाली होती, पण मराठी आवाज आला की मी लगेच मंदाकाकू.

नीलिमाचं बाळ दहा दिवसांचं होतं. तिची आई, विमलताई, बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या. रविवारी बारसं, लांबलांबून माणसं येणार, बाहेर कडाक्याची थंडी आणि खोल्या तापवणारे रेडिएटर गारठलेले. बरं, त्या जुन्या घरात आंघोळीचं पाणी वेगळ्या इलेक्ट्रिक टाकीत तापायचं. बॉयलरचं काम एकच, घर गरम ठेवणं. आणि तो नेमकं तेच करत नव्हता.

मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. गॅस आहे का? शेगडी पेटत होती. प्रेशरचा काटा? जागेवर. रीसेटचं बटण दाबलं? दाबून दाबून अमोलचा अंगठा दुखत होता. थर्मोस्टॅट कितीवर? थर्मोस्टॅट म्हणजे भिंतीवरची ती गोल पांढरी चकती. आपण वीस म्हटलं, की घर वीसच्या खाली गेल्यावर ती बॉयलरला सांगते, "ऊठ बाबा, पेट." नीलिमा म्हणाली, "वीसवरच आहे काकू." मी म्हटलं, छान. आणि पुढच्या प्रश्नावर गेले. हे लक्षात ठेवा.

मग मला वाटलं, पाइप गोठला असणार. नव्या पद्धतीच्या बॉयलरमधून थोडं थोडं पाणी ठिबकतं, ते एका प्लास्टिकच्या पाइपने घराबाहेर जातं. थंडीत त्यात बर्फ झाला की बॉयलर रुसून बसतो. उपाय सोपा, पाइपवर कोमट पाणी ओतायचं. मी अमोलला पाठवलं बाहेर. तो पायजम्यावर ओव्हरकोट घालून, हातात तांब्या घेऊन गेला आणि शेजारणीच्या वॉशिंग मशीनच्या पाइपला मनोभावे अंघोळ घालून आला. शेजारची म्हातारी खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, बाळ झालं म्हणून यांच्यात काही पूजा असेल. तिने आतून हात जोडले. अमोलनेही जोडले, करतो काय!

बॉयलर थंडच.

शेवटी टेरीला पुन्हा पाठवलं. टेरी आमचा गॅस इंजिनियर. धिप्पाड, शांत आणि चहाला कधी नाही न म्हणणारा. तासाभराने त्याचा फोन.

"मँडी लव्ह, नथिंग राँग विथ इट. मी पोचलो तेव्हा तो चालूच होता."

"काय सांगतोस!"

"थर्मोस्टॅट खाली केला, बंद झाला. वर केला, पेटला. कालही हेच. बाय द वे, दॅट ग्रॅनीज लाडूज आर ब्रिलियंट. काय असतं त्यात?"

त्यात आळीव असतात हो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात. आता हे टेरीला कोण सांगणार? मी म्हटलं, "बिया असतात. तब्येतीला चांगल्या. बेताने खा."

संध्याकाळी नीलिमाचा पुन्हा फोन, रडवेला. रेडिएटर पुन्हा गार. टेरी गेला आणि बॉयलरही गेला.

आमचा बॉस मार्टिन तसा वाईट नव्हता, पण तिसऱ्या खेपेचं नाव काढल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"मँडी, तो तिथे दोनदा गेला. बॉयलर दोन्ही वेळा उत्तम. टेरी आता जाणार नाही. त्यांना सांग, जंपर-स्वेटर घाला."

"दहा दिवसांच्या बाळाला?"

"छोटा जंपर."

असा माणूस. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी नीलिमाला फोन लावला. कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, तर फोन विमलताईंनी उचलला. नीलिमा बाळाला पाजत होती.

"तुम्हीच का त्या मंदाताई? अहो, त्या टेरीला पाठवा ना. भला माणूस आहे."

"ताई, तो आता नाही यायचा. त्याला बॉयलरमध्ये काही सापडतच नाही."

"सापडायला कशाला हवं? नुसता येऊन उभा राहू दे. त्याचा पायगुणच चांगला आहे. तो आला की पेटतो बघा."

मला हसू आलं. पायगुण सुनेचा ऐकला होता, म्हशीचा ऐकला होता. गॅस इंजिनियरचा पहिल्यांदाच.

"त्याने हात लावला की पेटतो, असंच ना?"

"छे हो! हात कुठला? बेल वाजायच्या आधीच भस्स करून पेटतो. काल तर तो गाडी लावत होता तेव्हाच पेटला. मी म्हटलं नीलूला, बघ, आला!"

हसता हसता मी थांबले. पायगुण असला, तरी पाय घरात तर पडायला हवा ना?

"ताई, तो यायच्या आधी तुम्ही काय करता?"

"मी? मी काय करणार? अर्धा तास आधी त्याचा फोन येतो, की मी आवरते. परका माणूस घरात येणार, पॅसेजमध्ये बाळाचे लंगोट वाळत घातलेले बरे दिसतात का? ते उचलते. तो चाकांचा हीटर जिन्याखाली ढकलते. आणि ओव्याच्या धुरीचा वास जावा म्हणून पुढचं दार सताड उघडते. त्याला वाटायचं, घरात काय जाळतात हे लोक!"

"हीटर? कुठे असतो तो एरवी?"

"पॅसेजमध्येच. सगळं घर गारठलंय, मग लंगोट, दुपटी वाळणार कशी? बाळाला ऊनऊन दुपटं नको का? रात्रंदिवस चालूच ठेवलाय मी. तिथे भिंतीवर एक पांढरी गोल चकती आहे बघा, बरोब्बर तिच्या खाली."

मी कपाळाला हात लावला. कळलं ना तुम्हाला? घर गारठलंय म्हणून ताईंनी चकतीखाली हीटर लावला. चकतीला वाटलं, अरे वा, काय उबदार घर आहे! तिने बॉयलरला झोपवलं. बॉयलर झोपला म्हणून घर आणखी गारठलं. घर गारठलं म्हणून ताईंनी हीटर आणखी वाढवला. टेरी येणार म्हणून आवराआवर झाली, की दारातून गार वारा आत, चकतीला हुडहुडी आणि बॉयलर जागा. टेरी गेला, की हीटर पुन्हा गादीवर. आणि मी शहाणी! थर्मोस्टॅट कितीवर ते विचारलं, त्याच्या शेजारी काय बसलंय ते नाही.

"ताई, बाळाच्या खोलीचं दार लावा. हीटर आत्ता बंद करा, पॅसेजमधून काढा आणि पुढचं दार जरा उघडा."

"का? कोण येतंय?"

"कोणी नाही. तुम्ही उघडा तर!"

फोन ठेवून त्या गेल्या. चाकांची खडखड ऐकू आली, दाराची कडी ऐकू आली. मग बराच वेळ नुसता वारा. मला वाटलं, गेलं वाटतं हेही फुकट. तेवढ्यात लांबून, अगदी फोनमधून ऐकू येईल असं, भस्स!

आणि विमलताईंचा आवाज, "अगंबाई! आला वाटतं टेरी!"

बारसं झालं, थाटात झालं. मलाही बोलावणं होतं. घर इतकं उबदार की लोकांनी स्वेटर काढून पलंगावर ढीग घातला. हीटर जिन्याखाली, लंगोट रेडिएटरवर. टेरीला विमलताईंनी आग्रहाने बोलावलं होतं. पाळण्यात बाळ घालताना त्याला सगळ्यांत पुढे उभं केलं. त्याने शांतपणे लाडू संपवले.

सोमवारी मार्टिनने विचारलं, "काय बिघडलं होतं शेवटी?"

"काही नाही. पाहुणा येणार म्हणून त्यांनी घर आवरलं होतं."

तो उठला आणि चहा आणायला गेला.

तर सांगायचं एवढंच. दुरुस्तीचा माणूस येणार असेल, तर घर आवरू नका. जो पसारा आहे तोच त्याला दाखवा, बिघाड बहुतेक त्यातच असतो.

आणि तुम्ही नुसतं वाचून फोन करू नका, या एकदा लेस्टरला. लवकर या, दोन दिवस राहायला या. माझं घर गरम आहे आणि आवरलेलं मुळीच नाही.