विझवलेला राब

ज्याच्यामुळे आमचा डोंगर जळाला, त्या माणसावर मी दोन वर्षं धुमसत होते. तो कोण ते उघड झालं नव्हतं. राजूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. कुणाच्या तरी वावरात पेटवलेल्या राबातली ठिणगी उडाली आणि अख्ख्या उतरणीला वणवा लागला. अर्धवट भाजलेल्या झाडांत पुढे भुंगेरे शिरले, खोडांतून भुसा गळू लागला, म्हणून जंगलखात्याने तीही तोडली. खालचा झरा आटला. बहात्तरच्या दुष्काळी कामावर आम्ही त्या उतरणीवर आडवे चर खणले आणि पुढच्या पावसाळ्यात हिरड्या-जांभळाची रोपं लावली. पाण्याला खिंडीपलीकडे जाताना मी ती बघायची, येताना पुन्हा बघायची. ती जगली तरच झरा परत येणार होता.

वैशाखात बाने राब भाजायची तयारी केली. शेण, पाला, वाळलं गवत वावरात अंथरून जाळायचं आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं. त्यावाचून रोप जोम धरत नाही, हे मलाही कळत होतं. पण आमचं वावर नेमकं उतरणीला लागून. यंदा नको, म्हणून मी उठता-बसता बाच्या मागे लागले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आई म्हणाली, पोरीला डोंगराचं याड लागलंय.

वारा पडलेला बघून बाने राब पेटवला. मी नुकताच भरून आणलेला हंडा बांधावर ठेवला आणि हिरवा फांदा घेऊन बसले. पण बसवेना. दर घटकेला उठून वर रोपांकडे बघत होते. बाने दोनदा दटावलं.

मग वारा सुटला. पेटती पानं चराच्या कडेला जाऊन पडली. मी धावत जाऊन झोडपू लागले, एक विझवलं की दुसरं धूर धरायचं. वळून बघते तर बाने माझा हंडा उचललेला. मला वाटलं, तो माझ्याकडे येतोय. त्याने तो स्वतःच्याच राबावर उपडा केला आणि फावड्याने माती ओढायला लागला.

"बा, भाताचं काय?" वरची शेवटची ठिणगी विझवून मी खाली आले आणि विचारलं.

बाने आणखी एक फावडं माती राबावर टाकली.

"मागल्या येळची ठिणगी बी हितलीच हुती," तो म्हणाला.

दोन वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या, त्यालाच रोज भाकरी वाढली होती. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मी त्याच्या हातातून फावडं घेतलं आणि उरलेल्या राबावर माती ओढली.