हातभर वाढवलेला पाइप

सकाळपासूनच वारा असा सुटला होता की तोंड उघडलं तर दातांत धूळ कचकचावी. आभाळ जुन्या पत्र्यासारखं मळकट. असल्या वाऱ्यात भूजलाचं माप घ्यायचं म्हणजे वैताग. पण फुटपट्टीबाईंनी एकोणतीस वर्षांत वाऱ्याचं निमित्त सांगून एकही माप चुकवलं नव्हतं.

जिल्हा परिषदेची निरीक्षण विहीर म्हणजे रस्त्याकडेला जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप आणि त्यावर कुलपाचं झाकण. बाईंनी झाकण काढलं, पोलादी टेपच्या टोकाला खडू फासला, टेप आत सोडली. वर ओढून बघितलं. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. पाइपच्या काठापासून अठरा मीटर वीस. वहीत आकडा, आकड्याखाली सही.

हे काम मुळात नवऱ्याचं. तो गेल्यावर त्याच्या जागेवर बाईंना घेतलं, तेव्हा कचेरीत सगळे म्हणाले होते, मयताच्या जागेवर आलीय, टेपची उलटी बाजू कुठली हेही कळायचं नाही हिला. ते शब्द बाईंच्या जे जिव्हारी लागले ते लागलेच. त्या दिवसापासून त्यांनी आकडा असा धरला की कुणाला बोट ठेवता येऊ नये. नव्या लोकांना त्याच शिकवायच्या: "माप काठापासून घेतो आपण. काठ बदलला की आधी तो फरक वजा करायचा, मग लिहायचं." फुटपट्टी हे नाव कचेरीनं चेष्टेनं ठेवलं, बाई ते मिरवायला लागल्या.

पाणी अठरा मीटरच्या खाली गेलं की त्या पट्ट्यातल्या नऊ पंपांना सील ठोकायचं आणि पातळी वर येईपर्यंत काढायचं नाही, हा परिषदेचा नियम. सात आठवड्यांपूर्वी बाईंनी अठरा पंधरा लिहिलं आणि सील ठोकणाऱ्यांबरोबर स्वतः गेल्या. पाचवा पंप धाकट्या भावाच्या रोपवाटिकेचा होता. तार आवळून होईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. भाऊ म्हणाला, "ताई, कलमं कोवळी आहेत गं." त्या म्हणाल्या, "मला भाऊ नऊच्या नऊ सारखे." हे वाक्य कचेरीत महिनाभर फिरलं. सख्ख्या भावालाही सोडलं नाही, असं कुणी म्हटलं की बाईंची मान एक बोट उंच व्हायची.

आज मात्र बाईंचं काम उरकलं तरी निघता येईना. पाइपमध्ये आपोआप माप घेणारं यंत्र बसवायला परिषदेनं एक टक्कल पडलेला फिटर पाठवला होता. त्यानं पाइपला हात लावला, नखानं गंज खरवडला.

"बाई, हा काठ नवा दिसतोय. इथं जोड आहे. वेल्डिंग कुणी केलंय?"

"आपल्याच वेल्डरनं. दोन वर्षं झाली."

"वर कशाला घेतला?"

बाईंनी घसा साफ केला. "वाकायला त्रास होत होता. कंबर धरायची."

फिटरनं आपली टेप लावली. "पंचेचाळीस सेंटिमीटर. हातभर झाला की. हे वजा करता ना?"

"करते," बाई म्हणाल्या. जीभ परस्पर बोलून गेली.

फिटर कामाला लागला. बाई पलीकडे भिंतीच्या सावलीत जाऊन बसल्या आणि तळहातावर पेन्सिलीनं वजाबाकी केली. अठरा पंधरामधून पंचेचाळीस गेले, सतरा सत्तर राहिले. पुसून पुन्हा केली. पाणी खाली गेलंच नव्हतं. पाइप वर आला होता. आणि तो त्यांनीच वर घ्यायला लावला होता, वेल्डरच्या मागे लागून.

दुपारी त्या पाणी विभागाच्या साहेबासमोर उभ्या राहिल्या. साहेबानं ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला, आधी फिटरला फोन लावला. "यंत्र नव्या काठावर लावा हो. बाईंच्या वहीतल्या आकड्यांशी जुळलं पाहिजे." मग बाईंकडे कोरा कागद सरकवला.

"दुरुस्तीचा अर्ज लिहा. आज दिलात तर परवाच्या सभेत ठेवतो, सील निघेल. मी अडवत नाही."

बाईंनी पेन उघडलं.

"कारण मात्र नीट लिहा," साहेब म्हणाला. "कंबर दुखत होती म्हणून पाइप वाढवला आणि वाढवलेला विसरले. दोन वर्षं विसरले. सभेत मोठ्यानं वाचावं लागतं ते."

कोपऱ्यातला आवक-जावकवाला मान वर न करता म्हणाला, "विषय काय टाकू साहेब? बाईंची कंबर आणि भूजल?"

टायपिस्ट हसली. दारातला शिपाई हसला. साहेबाला हसू आवरेना तसा त्यानं रुमाल तोंडाला लावला. "अहो, त्यांना बोलू नका. आपल्याकडं एकच तर माणूस आहे अचूक."

पुन्हा सगळे हसले. बाईंच्या पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं, तिथं शाईचा ठिपका पसरत गेला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा एकदा बघते."

"बघा बघा," साहेब म्हणाला आणि तो कागद त्यानं चहाच्या कपाखाली घेतला.

तिथून त्या रोपवाटिकेत गेल्या. काळ्या पिशव्यांतून हजारो कलमं ओळीनं वाळली होती. वाऱ्यानं पानं खुळखुळत होती. भावजय फाटकातच भेटली.

"या. सील बघायला आलात? आहे जागेवर. उंदरानंसुद्धा दात लावला नाही, तुमचा धाक आहे."

भाऊ मागच्या बाजूला दोन बादल्या घेऊन येत होता. आंघोळीचं, भांड्यांचं, मिळेल ते पाणी साठवून तो मूळ झाडांना घालायचा. अकरा झाडं होती, वडिलांनी लावलेली. यांच्याच फांद्यांवरून कलमं बांधायची. शेंडे अजून हिरवे होते.

त्यानं बादल्या टेकवल्या. तळहात सोलवटले होते.

"ताई, एकच सांग. या आठवड्यात सील निघेल का? निघणार असेल तर पाठ मोडली तरी रेटतो. ही अकरा राहिली तर पुढच्या साली सगळं परत उभं करीन. निघणार नसेल तर तसं सांग. हिच्या अंगातही आता त्राण नाही."

भावजय बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंच्या तळहातावर पेन्सिलीचे आकडे अजून होते. त्यांनी मूठ मिटली.

"आज अठरा वीस आलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आणखी खाली?"

"खाली."

भाऊ झाडांकडे वळला. मग म्हणाला, "मग संपलं. दुसऱ्या कुणी मोजलं असतं तर कचेरीत जाऊन भांडलो असतो. तू मोजलंस, आता काय बोलायचं."

"मी बोलते की," भावजय म्हणाली. "विचारा त्यांना, रात्री झोप लागते का."

"गप गं. तिनं काय पाणी प्यायलंय का सगळं?"

त्यानं एक बादली उचलली आणि स्वतःच्या पायांवर ओतली. दुसरीत हात धुतले, तोंड धुतलं. सात आठवड्यांत पहिल्यांदाच तो पाण्याशी असा उधळेपणानं वागत होता. शेडमधून करवत आणि दोर घेऊन आला.

"ओल आहे तोवर तोडलेली बरी. वाळली की करवत चालत नाही. ताई, आलीच आहेस तर दोर धर. झाड पत्र्यावर यायला नको."

बाईंनी दोर धरला. खोडातून ओलसर, पांढरा भुसा पडू लागला. झाड कललं तसा भाऊ ओरडला, "ओढ," आणि त्यांनी दोर ओढला. पहिलं झाड नेमकं मोकळ्या जागेत पडलं.

"बघ," भाऊ बायकोला म्हणाला, "अचूक."

तीन झाडं झाल्यावर बाईंनी दोर खाली ठेवला. नदीचं माप राहिलंय, म्हणाल्या. पुलापाशी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि घोटाभर पाण्यात उतरल्या. पुलाच्या खांबावरच्या, पाणी मोजायच्या पट्टीला शेवाळ धरलं होतं, आकडे दिसत नव्हते. पिशवीतून ब्रश काढून त्या खालून वर घासत गेल्या.