खंडेनवमीला सर्जा आणि राजा दोघंही बंद होते

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते हसायला, हे आधीच सांगून टाकते. घरात कुणी नजर-बाधेचा विषय काढला की मी उठून जाते. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

मी संभाजीनगरात, मुकुंदवाडी स्टेशनपासून जवळच असलेल्या एका हॉस्पिटलमध्ये सर्व्हर सांभाळते. नाव सांगत नाही. आमच्या डेटाबेसचे दोन सर्व्हर जोडीनं चालतात - एकानं मान टाकली की दुसरा भार उचलतो. आधीच्या कुणीतरी त्यांची नावं सर्जा आणि राजा ठेवलीत. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची तर एकेकाची बदलायची, तोवर दुसरा एकटा गाडा ओढतो.

मी दिवस निवडला गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचा. ओपीडी बंद, गर्दी नाही. इलेक्ट्रिशियन रामदासकाका सकाळीच यूपीएसला आणि सर्व्हरच्या कपाटाला हळदीकुंकू लावून, झेंडूचे हार घालून गेले होते. मला बॅग घेऊन आलेली बघून म्हणाले, "ताई, आज हत्याराला पुजत्यात, राबवत नाय. उद्या करा की."

"काका, सॉफ्टवेअरला तिथी कळत नाही," मी म्हणाले. वर हसले पण.

असं काम काढलं की आधी ब्लड बँकेला फोन करायचा, हा आमचा नियम. म्हणजे ते हातानं नोंदी करायची तयारी ठेवतात. मी फोन केला नाही. जोडी आहे ना, कशाला उगाच... हा माझा शहाणपणा.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत. सर्जावरचा डेटाबेस थांबवला, नवी सिस्टिम चढवली, आता फक्त त्याला रिस्टार्ट करायचं होतं. समोर स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या, एक सर्जाची, एक राजाची. मी कमांड दिली आणि एंटर दाबल्यावर वर नाव वाचलं. राजा.

चालू होता तो एकटा राजाच मी बंद केला होता. असले सर्व्हर परत उभे राहायला चांगलाच वेळ घेतात, आणि तोवर अख्खं हॉस्पिटल आंधळं! मी तशीच जिना उतरून ब्लड बँकेत धावले.

काउंटरवर एक टोपीवाले आजोबा दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. आतून ब्लड बँकेचे टेक्निशियन सलीमभाई ओरडले, "ताई, जरा बाजूला व्हा. इनकी बेटी की डिलिव्हरी हुई है, रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह लागतंय."

सलीमभाईंनी कॉम्प्युटरवर रक्तगट टाकला... आणि स्क्रीननं उत्तर दिलं. बॅग कोणत्या फ्रिजमध्ये, कितव्या कप्प्यात, सगळं. त्यांनी नोंद केली, ती सेव्ह झाली, बॅग वर गेली.

"चालू आहे?" मी विचारलं.

"चालूच तर आहे. क्यूं, क्या हुआ?"

मी वर पळाले. राजाच्या स्क्रीनवर अजून मेमरीची तपासणीच चालली होती. सर्जावरचा डेटाबेस मी बंद केला तसाच होता. तिसरा सर्व्हर आमच्याकडे नाही!

नंतर मी सगळं तपासलं. जुनं पान स्क्रीनवर राहिलं असेल म्हणावं, तर नवी नोंद कुठं सेव्ह झाली? ती आजही डेटाबेसमध्ये आहे. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुमचीच काहीतरी गडबड झाली असेल." असेलही. पण ती स्क्रीन मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी साहेबांनी ग्रुपवर माझं कौतुक केलं, "एक मिनिटही सिस्टिम बंद न पडता काम झालं." मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. शरम वाटली, तरी टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते आजोबा पेढे घेऊन आले. सलीमभाईंनीच पाठवलं होतं. "सणाच्या दिवशी बी कामावर आल्ता तुम्ही. तुमच्यामुळं लेक वाचली माझी," म्हणत खाली वाकले आणि माझ्या पायाला हात लावला. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस! तुमची लेक माझ्यामुळं जाणार होती, हे सांगायला तोंड उघडलंही... पण मी पेढा घेतला.

"नाव काय म्हणायचं, ताई?"

"कांचन."

ती स्क्रीन कशाच्या जोरावर चालली, ते मला अजून कळलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण मला झोपू देत नाही ते हे नव्हे.

काही दिवसांनी वैजापूरहून आजोबांचा फोन आला. "ताई, बारशाला यायचं बरं का. नातीचं नाव कांचनच ठेवायलोय. तुमच्यावानी व्हावी."

मी म्हणाले, ड्युटी आहे. त्या दिवशी मला सुट्टी होती.