विलासभाऊजींनी आईंचं गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा

विलासभाऊजी आज पहाटे झोपेतच गेले.

काल संध्याकाळी चर्चमधले माइक आवरून घरी आले होते. "उद्या येतो चहाला," म्हणाले फोनवर.

माझे धाकटे दीर. राहात्यात साउंड सिस्टीमचं काम. लग्न असो, सभा असो, नाताळ असो, मिक्सरमागं हेच बसलेले. स्पीकरशेजारी जन्म गेला म्हणून बोलणंही मोठ्यानं. त्यांचा फोन आला की कानापासून लांब धरावा लागायचा.

मला सवय हिशोब लिहायची. असलं काही लिहिलेलं नाही कधी. पण आज लिहिते.

अठ्ठ्याण्णव साल असेल. आमच्या सासूबाईंच्या घशात गाठ निघाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जीव वाचेल, आवाजाची खात्री देत नाही, असं तोंडावर बोलले.

आमच्या चर्चच्या मंडळीत आई गायला उभ्या राहिल्या की पेटीवाला आपोआप पेटी हळू करायचा. तसा आवाज होता.

भाऊजी तडक संगमनेरला गेले आणि मित्राचा कॉम्प्युटर टेम्पोत घालून घेऊन आले.

"कॅसेट झिजते वहिनी. आईचं गाणं कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं."

मी म्हटलं, ठेवा, पण बाहेरचा आवाज अडवायला थर्माकोल वगैरे काही विकत आणायचं नाही. घरातल्या गोधड्या खिडक्यांना बांधल्या. आवाज नको म्हणून पंखा बंद. बाहेर एप्रिलचं ऊन.

आईंनी प्रार्थना केली आणि गायल्या. काय गायल्या.

लावून ऐकलं तर प्रत्येक उंच सुराला खरखर. कापड टराटरा फाडावं तशी.

भाऊजींचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," म्हणाले.

आवाज जास्त होऊन मिक्सरचा लाल दिवा जरा लागला तरी स्पीकर चालवून घेतो, टेपही घेते. कॉम्प्युटर घेत नाही. मिक्सरकडून जास्त आवाज गेला की तिथं फाटतो, आणि फाटलेला पुन्हा सांधता येत नाही. दोघांची लेव्हल आधी जुळवायला हवी होती.

आईंचा घसा तोवर दुखायला लागलेला. सोमवारी पुण्याची गाडी धरायची होती.

"उद्या उपासना झाल्यावर म्हनते," आई म्हणाल्या. "पन एकदाच. जास्ती न्हाई व्हायचं माज्यानं."

रविवारी भाऊजींनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "वहिनी, ही हिरवी पट्टी वर चढेल. लाल झाली की हात वर करा. मी मिक्सरवर कमी करतो."

मग आईंना म्हणाले, "आई, टेस्टिंगला गाण्याची वरची ओळ म्हण."

"न्हाई म्हननार."

"का गं?"

"परभूचं गानं टेस्टिंगला म्हनायचं व्हय रं? उगं नाव घेत न्हाई मी."

"मग कालच्यासारखं फाटंल की."

"हॅलो हॅलो म्हनते. तेवढं बास."

आणि म्हणाल्या, इतकं हळू की पट्टी जागची हलेना. आदल्या दिवशीही हेच झालेलं. टेस्टिंगला तोंडातल्या तोंडात हॅलो, आणि गाताना सगळी छाती.

भाऊजी डोकं धरून बसले. मग एकदम म्हणाले, "आई, मी शाळा चुकवून उसात लपायचो. तू बांधावरून हाक मारायचीस. तशी मार."

"घोडा झालास, आता हाक मारू व्हय तुला?"

"मार की."

आईंनी पदर खोचला.

"इलास रंऽऽऽ"

पट्टी पार लाल. मी दोन्ही हात वर केले. शेजारच्या कमलताई पळत दारात. "काय झालं ओ?"

"काही नाही, टेस्टिंग चाललंय."

"टेस्टिंगला एवढं बोंबलत्यात व्हय," म्हणत गेल्या.

भाऊजींनी नॉब फिरवला. "परत."

"इलास रंऽऽऽ"

अजून लाल. या हाकांतच घसा बसला तर गाणार कशा?

"आई, आता शेवटची."

या हाकेला पट्टी लालच्या जरा खाली थांबली. मी मान हलवली.

"आलो गं आई," भाऊजी म्हणाले आणि मिक्सरवर खाली वाकून बसले.

आई पाणी प्यायल्या, डोळे मिटून गायल्या. एकदाच.

कुठंही फाटलं नाही.

ऑपरेशन झालं. प्रभूची कृपा, आई वाचल्या, पुढं बरीच वर्षं आमच्यात होत्या. गाणं मात्र गेलं. बोलणं म्हणजे नुसती कुजबुज उरली. ते रेकॉर्डिंग आज आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये आहे.

पण मला आज सारखं दुसरंच आठवतंय.

त्यानंतर भाऊजी आईंशी कधी मोठ्यानं बोलले नाहीत. गावभर ओरडून यायचे, आणि आईंच्या कॉटवर बसले की कुजबुजायला लागायचे.

एकदा आमच्या ह्यांनी चिडवलं. "अरे इल्या, आवाज तिचा गेलाय. कान शाबूत हायेत. मोठ्यानं बोल की."

भाऊजी म्हणाले, "तिच्या आवाजाच्या वर बोलू व्हय दादा?"

आई होत्या तोवर दोघं तसेच बोलत बसायचे. बाहेर काही ऐकू यायचं नाही. दारातून डोकावलं तर आई हसताना दिसायच्या.

दफनविधी आज दुपारी, राहात्यात.

भाऊजी, प्रभू तुम्हाला त्याच्याजवळ ठेवो. शांत झोपा.

तुमची वहिनी